घाटमाथ्यावरचे स्टेशन : बार्शी लाइट रेल्वे आणि येडशी

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की संस्थापकांचा हार घातलेला फोटो, पहिल्या कार्यकारिणीची यादी आणि देणगीदारांचे आभार हे ठरलेले असते. येडशीच्या बाबतीत ती सोय नाही. या गावाला ज्या संस्थेने सर्वांत जास्त घडवले, तिची कंपनी लंडनला नोंदलेली होती आणि तिच्या भागधारकांना नकाशावर येडशी दाखवता आली असती की नाही याची मला शंका आहे. ती संस्था म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिने येडशीला एक स्टेशन दिले आणि त्या स्टेशनाभोवती जवळजवळ शंभर वर्षे गावाचा दिवस उगवत-मावळत राहिला. म्हणून गावाचा इतिहास सांगायला मी ग्रामपंचायतीच्या दारातून न जाता फलाटावरून आत शिरतो आहे.

गाव अर्थातच रुळांपेक्षा जुने आहे. बालाघाटाची रांग नगरकडून बीड, धाराशिव करत आग्नेयेला उतरत जाते. तिच्या एका कडेवर, बार्शी-पांगरीकडून घाट चढून वर आले की येडशी लागते. खाली पश्चिमेला बार्शीचा सखल मुलूख आहे, पूर्वेला तेरणेच्या खोऱ्याकडे हळूहळू उतरत जाणारे पठार. माथ्यावरची जमीन हलकी, मुरमाड. तेरणेच्या बाजूला उतरू लागले की माती काळी होत जाते. सह्याद्रीपासून इतक्या आत पावसाने हात आखडताच घेतलेला असतो. त्यामुळे रब्बीची ज्वारी, तूर, करडई ही इथली खरी पिके. सोयाबीन अलीकडचे. माळरानावर चरायला उस्मानाबादी शेळी. काळीभोर, दुष्काळातही दूध आणि करडे देणारी ही जात जिल्ह्याचे नाव देशभर घेऊन गेली. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले तरी शेळीचे बदललेले नाही.

या माथ्याची एक गोष्ट मात्र पुढच्या सगळ्या कहाणीला पुरते. बालाघाटाच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस भोगावती आणि सीनेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला जाऊन मिळतो. पूर्व उतारावरचा तेरणेत, तेरणेतून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत. शाळेत जलविभाजकाची व्याख्या पाठ करून घेतात. येडशीच्या पोराला ती घराबाहेर उभी दिसते. दोन मोठ्या नद्यांची खोरी या कडेवर पाठीला पाठ लावून आहेत. पाणी मात्र दोन्हीकडे उतरून जाते आणि माथा कोरडाच राहतो.

निसर्गाने घातलेल्या या सीमेच्या जवळूनच माणसांनीही एक सीमा आखली. बार्शी तालुका इंग्रजांचा, सोलापूर जिल्ह्यातला. येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानातली, गावकऱ्यांच्या भाषेत मोगलाईतली. मधली काही वर्षे याला अपवाद होती. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा हा प्रदेशही इंग्रजांकडे लावून दिला होता आणि नळदुर्गला बसून त्याचा कारभार पाहिला तो मेडोज टेलरने. ठगांवरची कादंबरी लिहून विलायतेत गाजलेला तोच हा टेलर. १८६० साली प्रदेश परत निजामाकडे गेला आणि सरहद्द पुन्हा पूर्वीच्या जागी आली. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते, म्हणजे जकात. घाटाखाली इंग्रजांचा कलदार रुपया, घाटावर निजामाचा हाली सिक्का. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा सरकारी दर. घाटाखालच्या बाजाराला गेलेल्या माणसाला परत येईपर्यंत दोन नाणी आणि दोन कचेऱ्यांच्या दोन भाषा सांभाळाव्या लागत. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, दफ्तर उर्दू. त्यामुळे ज्याला मुलाला मराठीतून शिकवायचे होते आणि ऐपत होती, तो मुलाला घाटाखाली बार्शीला किंवा सोलापूरला पाठवी. पुढे कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांनी बार्शीत बोर्डिंग उभे केले, तेव्हा ऐपत नसलेल्यांनाही ती वाट खुली झाली.

आता त्या संस्थेकडे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला लागून हिंदुस्थानात आला. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी त्या कंपनीची मोठी लाइन १८५९मध्येच कुर्डुवाडीला पोचली होती आणि त्या स्टेशनाचे नाव ठेवले होते बार्शी रोड. बार्शी तिथून एकवीस मैलांवर. कापसाची एवढी मोठी पेठ, पण तिचे गठ्ठे स्टेशनापर्यंत बैलगाडीने जायचे, पावसाळ्यात चिखलात रुतायचे. कॅलथ्रॉपने हे पाहिले आणि तिथे स्वस्तातली छोटी रेल्वे टाकायची असे मनात घेतले. सरकारदरबारी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून त्याने १८९५ साली लंडनला कंपनी उभी केली आणि १८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली.

रूळ अडीच फूट रुंदीचे. लहान रेल्वे त्याआधीही होत्या, पण त्यांत मोठ्या रेल्वेचीच नक्कल लहान आकारात केलेली असे. कॅलथ्रॉपचा हिशेब वेगळा होता. त्याने ठरवले की गाडीच्या कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग ते इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा. भार सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलका चालतो. यार्डाला तीस पौंडांचा रूळ त्याने पुरेसा ठरवला. रूळ हलका म्हणजे पूल हलका, खर्च हलका. पण रूळ हलका ठेवूनही इंजिन ताकदीचे हवे, म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याला आठ जोडचाकांचे, मागे आणखी चार चाकांवर तोललेले इंजिन करून दिले. इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून, त्याला मुद्दाम चढ आणि वळणे देऊन, बार्शीच्या गाड्यांची चाचणी तज्ज्ञांना दाखवली गेली. पुढे १९०४मध्ये त्याने स्टॅफर्डशायरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची छोटी रेल्वे बांधली, तिची इंजिने बार्शीवरूनच बेतलेली. थोडक्यात, बार्शीत आधी यशस्वी झाले आणि मग विलायतेत गेले, असा हा उलटा प्रवास. हा माणूस अरबी घोड्यांचाही शौकीन होता. १९१०मध्ये रोल्स-रॉइसमधला त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेला, तेव्हा याने रुळांचा नाद सोडून पॅराशूट करायला घेतले आणि ‘गार्डियन एंजल’ नावाचे त्याचे पॅराशूट पहिल्या महायुद्धात वापरलेही गेले. येडशीच्या घाटातून गाडी चढवणाऱ्या डोक्याने आभाळातून माणूस सुखरूप उतरवण्याचीही तजवीज केली, याची गावात फारशी कुणाला कल्पना नाही.

बार्शीपर्यंतची गाडी फायद्यात चालू लागली तशी कंपनीची नजर घाटावर गेली. वर मोगलाईत कापूस होता, तूर होती, करडई आणि जवस होते, आणि त्यांना मुंबईची वाट नव्हती. १९०६च्या सुमारास एक फाटा पंढरपूरला गेला. त्याच सुमाराला दुसरीकडे रूळ बार्शीहून पांगरी, घाट, येडशी करत तडवळ्यापर्यंत आले. १९११ साली ते लातूरला भिडले. १९२७मध्ये पंढरपूरची बाजू मिरजेपर्यंत गेली आणि लातूर ते मिरज असा सव्वातीनशे किलोमीटरांचा एक अखंड मार्ग झाला. लातूरची पेठ त्यानंतर जी वाढली ती आजतागायत वाढतेच आहे. गंजगोलाईतल्या आडतीचा माल जाण्याची वाट येडशीवरून होती. इंग्रजी कंपनीची गाडी निजामाच्या राज्यात, आणि निजामाची स्वतःची रेल्वे मात्र इथून दूर, अशी ती व्यवस्था. सरहद्द ओलांडून घाट चढले की येडशी.

रेल्वे कंपन्यांना एक खोड होती. दूरच्या गावाचे नाव जवळच्या स्टेशनाला द्यायचे आणि पुढे ‘रोड’ लावून मोकळे व्हायचे. कुर्डुवाडी झाली बार्शी रोड, तडवळ्याचे स्टेशन कळंब रोड, लातूरकडे औसा रोड. या हिशेबाने येडशी सरळ ‘उस्मानाबाद रोड’ व्हायला हवी होती, कारण जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेवर नव्हतेच. ते वीसेक किलोमीटर दक्षिणेला राहिले आणि उस्मानाबादच्या माणसाला गाडी धरायला येडशीला यावे लागे. तरीही स्टेशनाचे नाव येडशीच राहिले. का राहिले, कुणी आग्रह धरला, की कारकुनाच्या विसरण्याने झाले, काही असो. गावाचे त्याने भले झाले. जिल्ह्याला येणारा अधिकारी, बदलीवर आलेला मास्तर, वकिलाकडे तारखेला निघालेला कुळवाडी, माहेरवाशीण, टपालाची थैली, या सगळ्यांना येडशीचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नसे.

एखाद्या जागेला स्टेशन मिळते म्हणजे काय होते, हे आज समजावून सांगावे लागते. गाडी दिवसातून ठरावीक वेळीच यायची, पण तिची तयारी दिवसभर चाले. आधी बाहेर बैलगाड्या सुटायच्या, बैलांपुढे कडबा पडायचा. मग टांगे. तिकिटाची खिडकी उघडली की आतून तारखेचा शिक्का मारण्याच्या यंत्राचा खट्ट आवाज येई आणि बोटभर जाडसर पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर येई. प्रवास संपला की ते परत द्यावे लागायचे, म्हणून पोरे ते हातात घट्ट धरून, कडा चावत, शेवटपर्यंत त्यावरचा आकडा वाचत बसत. फलाट म्हणजे जमिनीपेक्षा जेमतेम वीतभर उंच ओटा. डब्याची पायरी ठेंगणी. म्हाताऱ्या बायकांना हात द्यावा लागत नसे, हे या गाडीचे मोठे पुण्य. घाटात चढावर गाडी इतकी सावकाश चाले की तरणी पोरे उतरून बाजूने चालत आणि पुन्हा चढत, असे जुनी माणसे सांगतात. ज्यांनी कधी हे केले नाही तेही सांगतात. हमाल, पॉइंट्समन, गँगमन, स्टेशनमास्तर अशी पगारी माणसे गावात राहायला आली. शेतीच्या गावात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसा हाती येणारी ही पहिली घरे. किराणा दुकानांची उधारी त्या तारखेवर चालू लागली. कुर्डुवाडीला कंपनीचा कारखाना होता, आणि तिथे लागलेल्या नोकरीचे गावात मोल होते.

गाडीने जोडलेल्या गोष्टींपैकी सर्वांत मोठी म्हणजे पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला डबे इतके भरत की टपावरही माणसे असत. पायी दिंडीची ज्यांना ताकद उरली नव्हती, त्यांना येडशीत बसून कुर्डुवाडीला गाडी बदलली की विठ्ठल. आणि पंढरपूरकडून येणाऱ्यांसाठी येडशीचे आकर्षण म्हणजे रामलिंग.

रामलिंगचे देऊळ माथ्यावर नाही. ते घाटाच्या कुशीत, खोल दरीत आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. कथा अशी की रावण सीतेला घेऊन निघाला तेव्हा जटायूने त्याला इथे अडवले आणि तो घायाळ होऊन पडला. रामाने त्याला पाणी पाजण्यासाठी बाण मारला, तिथून पाणी उसळले. पावसाळ्यात देवळामागे कोसळणारी धार ती हीच, असे सांगतात. जटायूची समाधीही दाखवतात. पंचवटीपासून लंकेपर्यंतच्या वाटेवर जटायूची आणखीही ठिकाणे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचा माणूस आपलेच खरे मानतो, आम्हीही मानतो. श्रावणी सोमवारी दरीत मुंगी शिरायला जागा नसते. ओल्या पायऱ्यांवर चिखल, वरून माणसांची रीघ, खालून परतणारे, मध्येच नारळ फोडणारे. माकडे झाडांवरून आधी नुसती बघतात. मग एखाद्या बाईच्या हातातली प्रसादाची पिशवी कधी गेली हे तिला कळत नाही. माकड पुढच्या फांदीवर बसून शांतपणे पेढ्याचा कागद सोलत असते. बाई शिव्या देते आणि नंतर हसते, कारण देवाच्या दारातल्या माकडावर रागवायचे तरी किती.

येरमाळ्याची येडेश्वरी येडशीच्या उत्तरेला. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत तिथे भाविक रानातून चुनखडीचे खडे वेचून आणतात. दक्षिणेला तुळजापूर आहेच. पूर्वेला तेर : गोरोबाकाकांचे गाव आणि त्याआधी बाराएकशे वर्षे ‘तगर’ नावाने रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेली पेठ. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगराचा उल्लेख आहे. तिथल्या संग्रहालयातल्या वस्तू पाहिल्या की या पठारावरून माल समुद्राकडे नेण्याचा उद्योग कॅलथ्रॉपच्या कितीतरी आधीचा आहे हे ध्यानात येते. त्याने फक्त बैलांऐवजी वाफ लावली.

सरहद्दीवरच्या स्टेशनावरून माणसे आणि माल गेला तसे विचारही गेले. १९३८मध्ये हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. जिल्ह्यात फूलचंद गांधी यांचे नाव तेव्हापासून पुढे आले. फेब्रुवारी १९४१मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेजारच्या कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. निजामाच्या राज्यात, रेल्वेवरच्या एका साध्या खेड्यात वतनाच्या बेडीविरुद्ध बोलायला बाबासाहेब उभे राहिले, ही गोष्ट या पट्ट्यातल्या किती घरांना किती पिढ्या पुरली, ते त्या घरांतच ऐकायला हवे. आमच्या गावाच्या इतिहासात तिला शेजारच्या गावची गोष्ट म्हणून एका ओळीत उरकतात, ते मला बरोबर वाटत नाही. तडवळे हे पुढचेच स्टेशन होते.

१९४७च्या ऑगस्टनंतर घाटाखाली स्वतंत्र भारत आणि घाटावर निजाम अशी वेळ आली. तेरा महिने तसेच गेले. बार्शी तालुक्याच्या सरहद्दीवर, गौडगाव-चिंचोलीसारख्या गावांत, मुक्तिसैनिकांचे कॅम्प होते. इकडे रझाकारांची दहशत होती. ज्यांचे नातेवाईक घाटाखाली होते त्यांनी बायकामुले तिकडे धाडली. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने भारतीय फौजा आत आल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. करोडगिरीचे नाके गेले. हाली सिक्काही यथावकाश गेला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली आणि लंडनच्या कंपनीचे येडशी स्टेशन मध्य रेल्वेचे झाले. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात, १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. बार्शी आणि येडशी शेकडो वर्षांनी एका राज्यात आल्या, तरी लग्ने जुळवताना ‘मोगलाईतले’ हा शब्द अजून कुणाच्या तरी तोंडून निसटतो.

नॅरोगेजच्या आठवणीने हल्ली माणसे फार हळवी होतात. फोटो काढतात, जुने इंजिन चौकात ठेवावे म्हणतात. माझे मत जरा रोखठोक आहे. १९७०नंतर एस.टी. गावोगाव पोचली, मालट्रक आले, आणि ही गाडी मागे पडली ती पडलीच. कुर्डुवाडीला सगळा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे, कारण एका गाडीचे रूळ अडीच फुटांचे आणि दुसरीचे साडेपाच फुटांचे. व्यापाऱ्याने ट्रक पसंत केला यात नवल नाही. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांना ती गाडी आधार वाटे, पण तिच्या लाकडी बाकांवर बसून घाट उतरणे त्यांच्यासाठी काय असेल, ते हळव्यांनी एकदा मनात आणावे. बार्शीचे ते काम मोठे आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७मध्ये तिथेच सुरू झाली. त्याला साजेशी रेल्वे मात्र यायला आणखी वीस वर्षे लागली.

ती आली तेव्हा येडशीच्या वाट्याला मिश्र आनंद आला. मार्ग रुंद करताना तो उस्मानाबादवरून न्यावा ही शहराची जुनी मागणी मान्य झाली आणि आखणीच बदलली. सप्टेंबर २००७मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी अशी मोठी लाइन सुरू झाली. मुंबईची गाडी थेट झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाला शंभर वर्षे नसलेले स्टेशन मिळाले. न्याय झाला, यात वाद नाही. पण शंभर वर्षे जिल्ह्याचे दार असलेले येडशी स्टेशन एका रात्रीत वाटेवरचे एक लहान स्टेशन झाले. टांगे त्याआधीच गेले होते. आता चहाच्या टपऱ्याही हायवेला सरकल्या.

हायवेने मात्र गावाला पुन्हा जागा दिली. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा २११ आणि आताचा ५२, येडशीवरून जातो. बार्शीहून लातूरला जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. चौपदरीकरणाचे काम दोन तुकड्यांत निघाले तेव्हा एक तुकडा ठरला सोलापूर ते येडशी, जवळपास ९९ किलोमीटरांचा, आणि दुसरा येडशी ते औरंगाबाद, १८९ किलोमीटरांचा. करारांच्या कागदांवर, कंपन्यांच्या नावांत, शेअर बाजारातल्या कंपनीच्या अहवालात येडशी आली. इतक्या वर्षांनी गाव पुन्हा भागधारकांच्या कागदावर चढले, या वेळी रस्त्याच्या पथकरासाठी. चौकात धाबे, टायरवाले, गॅरेजवाले आले.

आता पाण्याकडे. १९७२च्या दुष्काळाची आठवण घरोघरी आहे : खडी फोडण्याची कामे, बांधबंदिस्ती, आणि पोरांना वाटलेली सुकडी. त्यानंतरही दुष्काळ येत गेले आणि कृष्णेचे पाणी मराठवाड्याला देण्याची आश्वासनेही. कृष्णा-मराठवाडा उपसा योजना कागदावर आली ती २३.६६ टीएमसीची, त्यातला पहिला टप्पा सात टीएमसीचा. ती योजना चालत राहिली आणि पाणी यायचे राहिले. मग एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला प्यायलाही पाणी उरले नाही. तेव्हा मिरजेत कृष्णेचे पाणी रेल्वेच्या टाक्यांत भरून गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, येडशी अशी पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या, पंचवीस लाख लिटरांच्या गाड्या धावल्या. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

बातम्यांत लातूर होते, मिरज होते. येडशीचे नाव कुठे नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. गाडी इथे थांबत नव्हती. पण ज्या माथ्यावर कृष्णा आणि गोदावरीची खोरी वेगळी होतात, तो माथा ओलांडून कृष्णेचे पाणी मांजरेच्या खोऱ्यात उतरले ते याच रुळांवरून. पंप, बोगदे, कालवे यांना जे दशकानुदशके जमले नव्हते ते कापसासाठी आखलेल्या मार्गाने केले. खर्चाचे गणित कुणी मांडू नये, ते परवडणारे नव्हतेच. तरी सरकारी योजनेच्या आधी कॅलथ्रॉपची वाट कामाला आली, हे नोंदवून ठेवायला हवे. निदान या स्मरणिकेत तरी.

रामलिंगच्या रानाला सरकारने १९९७मध्ये अभयारण्याचा दर्जा दिला : येडशी रामलिंग घाट अभयारण्य, क्षेत्र २२.३७ चौरस किलोमीटर. पानगळीचे, खुरटे रान. धावडा, हिवर, पळस, सीताफळ, बोर. मोर, लांडगे, कोल्हे, ससे. एवढ्याशा रानाची कुणी फार दखल घेत नसे. डिसेंबर २०२४मध्ये मात्र वनखात्याच्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. साधारण पाचशे किलोमीटर चालत, शेते, रस्ते, गावे ओलांडत तो इथे आला होता. गावात आणि बार्शीच्या बाजूच्या वाड्यांवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. गुरे मारली गेली, शेतकरी रात्री पाणी द्यायला जाईनात, त्याला पकडून हलवण्याचे प्रयत्न झाले. शहरातल्या लोकांनी वाघाच्या फोटोखाली अभिनंदन लिहिले. ज्याची कालवड गेली त्याने पंचनाम्याची वाट पाहिली. दोघांचेही खरे होते. वाघाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली : बालाघाटाची झाडी तुटक असली, तरी तिच्यातून अजून वाट निघते.

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरांच्या नव्या रेल्वेमार्गाचे काम चालू आहे. तो पुरा झाला की धाराशिव जंक्शन होईल आणि तुळजाभवानीला थेट गाडीने जाता येईल. येडशीत त्यावर दोन मते आहेत. एक म्हणते, गाड्या वाढतील, थांबे मिळतील, रामलिंगला येणारे वाढतील, धाराशिवला रोज जाणाऱ्या पोरांची सोय होईल. दुसरे म्हणते, जंक्शनच्या शेजारच्या स्टेशनावर गाडी थांबवायला रेल्वे कधी राजी होत नसते. कुर्डुवाडीच्या शेजारची स्टेशने कोणती, हे या मताचे लोक पहिल्या मताच्या लोकांना विचारतात, आणि अजून तरी पारावर कुणाला पटकन उत्तर देता आलेले नाही.